वाचकांचे प्रश्न : पीव्हीसीचा माल जळू नये, कच्चाही राहू नये

या महिन्याच्या टपालात पीव्हीसीबद्दलची चार पत्रे आहेत आणि चारही कोल्हापूर जिल्ह्यातली आहेत. प्रत्येकाचे यंत्र आणि माल निराळा असला तरी मूळ विचारणा एकच आहे, ती म्हणजे पीव्हीसी कमी तापमानाला घडवता येईल का, आणि येत असेल तर कसे. पहिल्या पत्रात ही अडचण सगळ्या बाजूंनी आलेली असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे. उरलेली उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत.

प्रश्न : गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचा पीव्हीसी फिटिंगचा लहान कारखाना आहे. पूर्वी आम्ही शिशाचे स्टॅबिलायझर, म्हणजे तापताना माल जळू नये म्हणून घालायचे रसायन, वापरत होतो. नियम बदलल्यापासून कॅल्शियम-झिंकवर आलो आणि तेव्हापासून एल्बो व टी यांचा रंग पिवळट येऊ लागला. म्हणून बॅरलचे, म्हणजे ज्या नळीत फिरता स्क्रू माल तापवत पुढे ढकलतो तिचे, तापमान १८५ अंशांवरून १६५ अंशांपर्यंत उतरवले. आता रंग पांढरा येतो, परंतु सॉकेटच्या जोडरेषेवर चिरा दिसतात आणि बसवताना जरा ठोकले तरी फिटिंग फुटते, अशी प्लंबरची तक्रार आहे. रेझिन, म्हणजे पीव्हीसीची मूळ पावडर, के-६७ आहे, कारण पाइपवाल्यांकडून तेच सहज मिळते. स्क्रू ५० मिलिमीटरचा असून मिनिटाला ११० फेरे ठेवले आहेत. त्याहून कमी ठेवले तर माल पुढे सरकत नाही. बॅरलमध्ये सुमारे ५०० ग्रॅम माल मावतो, शॉट, म्हणजे एका वेळी साच्यात जाणारा माल, ६० ग्रॅमचा आहे आणि सायकल, म्हणजे एकदा माल भरून नग काढण्याचा फेरा, ४५ सेकंदांची आहे. तापमान कमी ठेवूनही माल पक्का यावा यासाठी काय करावे? दोन एल्बो सोबत पाठवत आहोत.

उत्तर : आपण पाठवलेले दोन्ही एल्बो मी भिंगाखाली पाहिले. पहिला हातात धरून वाकवला तेव्हा तो बिस्किटासारखा कट्‌दिशी तुटला आणि तुटलेली कड बोटाला बारीक पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली. नीट पक्का झालेला कठीण पीव्हीसी असा तुटत नाही. तो आधी वाकतो, वाकल्या जागी पांढुरका पडतो आणि मग फाटतो. दुसऱ्या एल्बोचीही तीच गत झाली, मात्र त्याच्या गेटजवळ, जिथून माल साच्यात शिरतो त्या जागी, केसाएवढी एक फिकट तपकिरी रेघ मला दिसली. याचा अर्थ असा की एकाच तुकड्यात माल कच्चाही राहिला आहे आणि जळलेलाही आहे. आपण पॅनेलवरचे तापमान २० अंशांनी उतरवले, पण मालाला लागणारी उष्णता तेवढी उतरली नाही. ती जिथे हवी होती तिथून गेली आणि जिथे नको होती तिथे वाढली.

हे समजण्यासाठी पीव्हीसीचा दाणा आतून कसा असतो ते पाहावे लागेल. सस्पेन्शन पद्धतीने तयार झालेल्या रेझिनची पावडर डोळ्यांना साधी दिसते. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक कण साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, त्या कणात एकेक मायक्रॉनच्या आसपासचे असंख्य प्राथमिक कण चिकटून बसलेले असतात आणि त्यांच्याही आत आणखी सूक्ष्म, स्फटिकासारखे बांधलेले भाग असतात. पॉलिथिलिन जसे एका ठरावीक तापमानाला वितळून एकजीव होते, तसे पीव्हीसी होत नाही. उष्णता आणि घुसळण दोन्ही मिळाल्यावर आधी मोठे कण फुटतात, मग प्राथमिक कणांच्या सीमा पुसल्या जाऊ लागतात, आतले स्फटिक वितळतात आणि एका कणातील रेणूंच्या लांब साखळ्या शेजारच्या कणात शिरतात. थंड होताना त्या साखळ्या पुन्हा स्फटिकांच्या गाठींनी एकमेकींना बांधल्या जातात आणि सगळ्या वस्तूभर एक जाळे तयार होते. या क्रियेला आपल्याकडे कोणी फ्युजन म्हणतो, कोणी जेलेशन म्हणतो, आणि कामगार ‘माल शिजला’ असे म्हणतात, जे मला सर्वांत नेमके वाटते. वस्तूची ताकद या जाळ्यात असते. ते अर्धवट झाले तर वस्तू दिसायला पांढरीशुभ्र, मापाला बरोबर आणि वजनाला पुरेपूर असते, पण ती चिकटवलेल्या वाळूची असते. जोडरेषेवर, म्हणजे साच्यातल्या मधल्या गाभ्याला (कोअरला) वळसा घालून आलेले मालाचे दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे, हा कच्चेपणा सगळ्यांत आधी उघडा पडतो.

दुसरी बाजू जळण्याची आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. तापवल्यावर साखळीतल्या एखाद्या कमकुवत जागेवरून हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि विणकामातला एक टाका निसटला की शेजारचे टाके ओळीने निसटावेत तसे पुढचे क्लोरीनही निघू लागते. मागे राहिलेल्या दुहेरी बंधांच्या माळेमुळे रंग आधी पिवळा, मग नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळा होतो, आणि सुटलेला वायूच पुढच्या विघटनाला वेग देतो. स्टॅबिलायझर नसलेल्या पीव्हीसीत ही सुरुवात १०० अंशांच्या थोडे वर गेल्यावरच होऊ लागते. शिजण्यासाठी लागणारे तापमान जळण्याच्या तापमानाहून वर आहे, हीच या प्लास्टिकची मूळ अडचण आहे, आणि स्टॅबिलायझर, वंगण व यंत्राची मांडणी यांची सगळी खटपट या दोहोंमध्ये थोडी मोकळी जागा मिळवण्यासाठी असते.

आपल्या जिल्ह्यात गुऱ्हाळ न पाहिलेला माणूस विरळा. काहिलीतला पाक कमी आटला तर ढेप धरत नाही आणि जास्त आटला तर गूळ काळा पडतो. मधली वेळ थोडीच असते. गुळव्या ती वेळ चुलाणातल्या जाळावरून ठरवत नाही. तो पाकाचे दोन थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, तिचा कडकपणा पाहतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. पॅनेलवरचा आकडा हा जाळ आहे. आपण जाळ कमी केला, पण गोळी वळून पाहिली नाही.

बॅरलमधल्या मालाला उष्णता दोन ठिकाणांहून मिळते, बाहेरच्या हीटरपासून आणि स्क्रूच्या घर्षणापासून. कठीण पीव्हीसीत घर्षणाचा वाटा फार मोठा असतो. आपण हीटर उतरवले तसा माल घट्ट झाला, घट्ट माल ढकलण्यासाठी स्क्रूचे फेरे आणि इंजेक्शनचा दाब वाढवावा लागला, आणि हा घट्ट माल अरुंद गेटमधून जोराने जाताना तिथल्या पातळ थरात क्षणभर इतका तापला की रेघ जळली. आपल्या आकड्यांवरून हिशेब करू. ५० मिलिमीटर व्यासाचा स्क्रू मिनिटाला ११० फेरे घेतो तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे २९ सेंटिमीटर वेगाने फिरते. कठीण पीव्हीसीसाठी हा वेग सेकंदाला १० ते २० सेंटिमीटर असावा. मिनिटाला ६० फेऱ्यांना तो साधारण १६ सेंटिमीटर येतो, म्हणून ६० फेऱ्यांच्या आसपास राहावे.

यावर आपण म्हणाल की ६० फेऱ्यांना माल सरकतच नाही. तो सरकत नाही याचे मुख्य कारण रेझिन आहे. के-मूल्य हे साखळीच्या लांबीचे माप आहे. के-६७ पाइपसाठी योग्य आहे, कारण पाइपच्या ट्विन स्क्रू यंत्रात माल सावकाश, एकसारखा मळला जातो आणि मोठ्या डायमधून बाहेर येतो. फिटिंगच्या साच्यात त्याला काही सेकंदांत अरुंद वाटेने धावायचे असते आणि त्यासाठी लहान साखळीचे, के-५७ ते के-६० या दरम्यानचे रेझिन लागते. के-६७ त्याच्याइतके पक्के करायचे तर मालाचे तापमान दहा-पंधरा अंशांनी जास्त न्यावे लागते आणि तिथे कॅल्शियम-झिंक फार वेळ टिकत नाही. म्हणून कमी तापमानाला काम करण्याची इच्छा असेल तर पहिला खर्च रेझिनवर करावा. किलोमागे काही रुपये जास्त पडतील, पण आपण जे शोधत आहात त्याचा सगळ्यांत मोठा भाग या एका बदलात आहे. लहान साखळीमुळे ताकद थोडी उतरते हे खरे, परंतु कच्च्या राहिलेल्या के-६७ पेक्षा नीट शिजलेले के-५७ कितीतरी जास्त टिकाऊ असते.

दुसरा हिशेब वेळेचा. बॅरलमध्ये ५०० ग्रॅम माल आणि शॉट ६० ग्रॅमचा, म्हणजे आत शिरलेल्या दाण्याला बाहेर पडायला आठपेक्षा जास्त शॉट लागतात. ४५ सेकंदांच्या सायकलने ही वेळ सव्वासहा मिनिटांच्या घरात जाते. पीव्हीसीच्या ऱ्हासात तापमानाइतकाच काळही मोजावा लागतो. हाच साचा दुप्पट पोकळ्यांचा, म्हणजे एका वेळी दुप्पट नग देणारा, करता आला किंवा हे काम लहान बॅरलच्या यंत्रावर नेता आले आणि शॉट बॅरलच्या मानाने दुप्पट झाला, तर माल जेमतेम तीन मिनिटे आत राहील. मग आज जे तापमान आपल्याला भीतिदायक वाटते ते चालू शकेल. पुष्कळ कारखान्यांत मोठ्या यंत्रावर लहान फिटिंग काढली जाते, कारण त्या दिवशी तेच यंत्र मोकळे असते; पॉलिप्रॉपिलीनला हे चालते, पीव्हीसीला चालत नाही.

आता स्टॅबिलायझर. पाइप आणि फिटिंग यांतील शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले आणि पिण्याच्या पाण्याचा विचार करता ते योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण अशी की अनेकांनी शिशाचे पाकीट काढून त्याच वजनाचे कॅल्शियम-झिंकचे पाकीट घातले आणि बाकीची कृती तशीच ठेवली. शिशाची संयुगे विघटन थोपवत असतानाच वंगणाचेही काम करत होती. कॅल्शियम-झिंकमधील झिंकचा साबण सुरुवातीचा रंग छान राखतो, पण हायड्रोजन क्लोराइड शोषताना त्याचे झिंक क्लोराइड होते आणि ते स्वतःच विघटनाला चालना देते. जोपर्यंत कॅल्शियमचा साबण झिंकला पूर्वस्थितीत आणत असतो तोपर्यंत माल पांढरा राहतो. तो साठा संपला की माल हळूहळू पिवळा न होता एकदम काळा पडतो. म्हणून फिटिंगसाठी पाइपचे पाकीट न घेता फिटिंगचेच घ्यावे, कारण त्यात हायड्रोटाल्साइटसारखे साहाय्यक घटक आणि वंगणांचा समतोल वेगळा असतो. बाहेरचे वंगण, म्हणजे पॅराफिन किंवा पॉलिथिलिन वॅक्स, जास्त झाले तर कण एकमेकांवरून घसरत राहतात आणि शिजणे लांबते. कमी झाले तर माल धातूला चिकटून जळतो. ‘माल चिकटतो, अजून थोडे वॅक्स टाका’ हा तोडगा मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे आणि त्यातून तयार झालेल्या कच्च्या मालाचे ढीगही पाहिले आहेत. त्याऐवजी शंभर भाग रेझिनला दीड ते तीन भाग ॲक्रिलिक प्रोसेसिंग एड घालावे. त्याच्या लांब साखळ्या कणांना लवकर एकत्र ओढतात, शिजण्याची क्रिया कमी तापमानाला सुरू होते आणि जोडरेषा सांधली जाते. प्रोसेसिंग एड महाग वाटते म्हणून सर्वांत आधी तेच कापले जाते, याचे मला वाईट वाटते.

मिश्रणाची पायरीही तपासावी. हाय स्पीड मिक्सरमध्ये मिश्रण ११० ते १२० अंशांपर्यंत गेल्यावरच वंगण आणि स्टॅबिलायझर दाण्यावर नीट बसतात. नंतर कूलरमध्ये ते ४५ अंशांच्या खाली आणावे. घाईने ९० अंशांना सोडलेले मिश्रण बॅरलमध्ये कधीच एकसारखे वागत नाही. पावसाळ्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या उघड्या पोत्यांना ओल लागते आणि त्याचे चांदीसारखे पट्टे फिटिंगवर उमटतात, ते जळण्याचे पट्टे समजून तापमान उतरवू नये.

या सगळ्या बदलांनंतर हीटर मागून पुढे साधारण १५५, १७०, १८० आणि नोझलला १८५ अंश असे लावून सुरुवात करावी. मग स्क्रू मागे घेऊन थोडा माल जाड पुठ्ठ्यावर बाहेर सोडावा आणि आधी गरम करून घेतलेली पायरोमीटरची, म्हणजे तापमापकाची, सुई त्या गोळ्यात खुपसून लगेच आकडा वाचावा. तो १९० ते २०० अंशांच्या दरम्यान असावा. पॅनेल आणि सुई यांत १५-२० अंशांचा फरक दिसला तर दचकू नये. तो घर्षणाचा वाटा आहे आणि आजवर तो मोजलाच गेला नव्हता. गेट भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून लहान असेल तर वाढवून घ्यावे, इंजेक्शन सावकाश करावे आणि साचा ४० ते ५० अंशांवर ठेवावा. चिलरचे थंडगार पाणी साच्यात फिरवून सायकल कमी करण्याचा मोह टाळावा. जुलै महिन्याच्या दमट हवेत असा साचा घामाघूम होतो आणि ते पाणी नेमके जोडरेषेवर सापडते.

माल पक्का झाला की नाही हे ओळखण्याच्या दोन परीक्षा आपल्या कारखान्यातच होऊ शकतात. फिटिंगचा कापलेला तुकडा पाण्याचा अंश नसलेल्या कोरड्या ॲसिटोनमध्ये २० मिनिटे बुडवून ठेवावा. पक्का माल फार तर मऊ पडतो. कच्चा माल फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि चमच्याने ढवळले तर पीठ होते. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम हीटरपासून दूर, मोकळ्या हवेत आणि झाकणाच्या काचेच्या भांड्यात करावे. दुसरी परीक्षा ओव्हनची आहे. अख्खे फिटिंग १५० अंशांवर, भिंतीच्या जाडीनुसार पाव तास ते तासभर ठेवावे. जोडरेषा उघडली, गेटभोवती खोल चीर गेली किंवा भिंतीचे थर सुटले तर माल नापास समजावा. रोज सकाळी आणि पाळी बदलताना एकेक नग असा तपासला तर आठवड्यात आपल्यालाच अंदाज येईल. कृती पक्की करण्यापूर्वी टॉर्क रिओमीटरवर, म्हणजे माल मळताना लागणारा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, मिश्रणाचा शिजण्याचा वेळ पाहायचा असेल तर सिपेट या केंद्रीय प्लास्टिक संस्थेच्या छत्रपती संभाजीनगर केंद्राकडे विचारणा करावी.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्यामागे एक जुनी आठवण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात रात्रपाळीला माझ्याकडे यंत्र होते. माल पिवळा जात होता आणि सकाळी रंगावरून बोलणी बसायची, म्हणून मी तापमान उतरवले. पुढचे तीन आठवडे फिटिंग दुधासारखी पांढरी निघाली आणि सर्वांनी कौतुक केले. उन्हाळ्यात ती पोत्यांत भरून परत आली. त्यातला एक टी अजून माझ्या टेबलावर आहे. तो एका घराच्या भिंतीत प्लास्टरच्या आड फुटला होता आणि ती भिंत त्या माणसाला पुन्हा बांधावी लागली. पिवळा पडलेला नग कारखान्याच्या दारातच नाकारला जातो, कच्चा नग मात्र लोकांच्या घरात जातो, म्हणून या दोन दोषांत मी दुसरा अधिक वाईट मानतो.

प्रश्न : मी कोल्हापूर शहरात घरगुती उद्योग म्हणून पेस्ट पीव्हीसीपासून किल्लीच्या साखळ्या आणि लहान मुलांच्या दप्तराला लावायची चित्रे तयार करते. डायमध्ये रंगीत पेस्ट भरून ओव्हनमध्ये ठेवते. माझा ओव्हन १६० अंशांच्या वर जात नाही. वस्तू घट्ट दिसते, पण दुमडली की भेग पडते. कमी तापमानाला पिकणारी पेस्ट मिळते का?

उत्तर : ताई, मिळते, परंतु त्याआधी ओव्हनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आपला डाय जाड धातूचा आहे. ओव्हनमधील हवा १६० अंशांवर गेली तरी डायच्या तळातली पेस्ट तिथपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो, आणि आपण घड्याळ लावता ते हवेच्या आकड्यावरून. तापमान मोजणारी एक पातळ थर्मोकपल तार पेस्टमध्येच बुडवून एकदा तपासा. पुष्कळदा असे दिसते की पेस्ट १३० अंशांवर असतानाच डाय बाहेर काढला जात होता.

पेस्ट, म्हणजे प्लास्टिसॉल, ही प्लास्टिसायझरमध्ये, म्हणजे पीव्हीसी मऊ करणाऱ्या द्रवात, कालवलेली अतिशय बारीक पीव्हीसी पावडर असते. तापवताना आधी पावडर द्रव शोषून घेते आणि १०० अंशांच्या आसपास सगळे घट्ट होते. ही अवस्था फसवी असते. वस्तू डायमधून अखंड निघते, पण तिला जोर नसतो आणि दुमडली की घट्ट खरवसासारखी फुटते. खरी ताकद येते ती नेहमीच्या पेस्टमध्ये १६० ते १८० अंशांना, जेव्हा कण एकमेकांत विरघळतात. पारख सोपी आहे. गार झालेली पट्टी उलटसुलट दुमडा, मग तिचा तुकडा ॲसिटोनमध्ये टाका. तो विस्कटला तर वस्तू पिकलेली नाही. ॲसिटोनबद्दल वर लिहिलेली काळजी घरात तर दुपटीने घ्यावी लागेल.

पिकण्याचे तापमान उतरवण्याचे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे प्लास्टिसायझरचा काही भाग बेंझोएट वर्गातील लवकर विरघळवणाऱ्या प्लास्टिसायझरने बदलणे. दुसरा म्हणजे व्हिनाइल ॲसिटेट मिसळून बनवलेले कोपॉलिमर पेस्ट रेझिन काही प्रमाणात वापरणे. व्हिनाइल ॲसिटेटमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून स्फटिक करू शकत नाहीत, त्यामुळे त्या कमी उष्णतेला मोकळ्या होतात. १९४८ पासून बाजारात आलेल्या एलपी तबकड्या याच प्रकारच्या कोपॉलिमरच्या असत. दाबाखाली तो इतका सहज वाहतो की गाण्याची केसाहून बारीक खाच त्यात जशीच्या तशी उमटते. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात जुन्या एलपी जपून ठेवणारी अनेक घरे आहेत. त्यांच्या कपाटात कमी तापमानाचे पीव्हीसी कित्येक वर्षे सुखरूप आहे. मात्र तबकडी उन्हात ठेवली की वाकते, तशीच आपली वस्तूही उष्णतेला थोडी हळवी होईल, म्हणून कोपॉलिमर बेताने घ्यावे. या दोन्ही उपायांनी पेस्ट साठवणीत लवकर घट्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यापुरतीच कालवा आणि सावलीत, गार जागी ठेवा.

दुकानदार आपल्याला स्वस्त म्हणून डीबीपी (डायब्युटाइल थॅलेट) हे प्लास्टिसायझर सुचवतील. त्याने पेस्ट लवकर पिकते हे खरे, पण ते घेऊ नका. ते प्रजननक्षमतेला अपायकारक असून मुलांच्या वस्तूंत चालत नाही. खेळण्यांसाठीच्या आयएस ९८७३ या मानकाच्या भाग ९ मध्ये अशा थॅलेटांवर मर्यादा आहेत, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. दप्तराचे चित्र मुलाच्या तोंडात जातेच. डीओपी हे थॅलेटही याच कारणाने टाळा आणि पुरवठादाराकडून डीओटीपी या दुसऱ्या प्लास्टिसायझरवर आधारलेली पेस्ट लेखी मागून घ्या.

प्रश्न : हीच पद्धत सीपीव्हीसीच्या गरम पाण्याच्या फिटिंगला लावता येईल का? (शिरोलीहून एक यंत्रचालक)

उत्तर : नाही. सीपीव्हीसीत क्लोरीन आणखी वाढवलेले असते, त्यामुळे ते पीव्हीसीपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला मऊ होते आणि मालाचे तापमान २०० अंशांच्या वरच ठेवावे लागते. ते गरम पाणी सहन करते ते याच गुणामुळे. तिथे तापमान उतरवण्याऐवजी बॅरलमधला वेळ कमी करणे आणि धातूला क्रोमचे आवरण देणे हेच मार्ग आहेत. पीव्हीसीचा उरलेला माल सीपीव्हीसीत मिसळू नका.

प्रश्न : कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. बॅरल भरलेला असताना वीज गेली की माल आत काळा होतो आणि वीज आल्यावर उग्र वास येतो. तापमान कमी ठेवले तर हा धोका टळेल का?

उत्तर : कमी होईल, टळणार नाही. वीज गेली की हीटर बंद पडतात, पण जाड पोलादाचा बॅरल बराच वेळ गरम राहतो आणि आतला माल हलत नसल्यामुळे तिथेच भाजत राहतो. तो उग्र वास हायड्रोजन क्लोराइडचा आहे. ओलाव्यात त्याचे आम्ल होते, ते नाकाडोळ्यांना झोंबते, साच्याला गंज चढवते, आणि त्या गंजातून होणारे लोहाचे क्लोराइड पुढच्या मालालाही जाळते. नोझलच्या वर धूर ओढून घेणारा पंखा असलाच पाहिजे, तापमान कितीही कमी असो.

वीज गेल्यावर ती पाच-दहा मिनिटांत येणार नाही असे दिसले तर जनरेटरवर निदान स्क्रू फिरेल एवढी सोय करून बॅरल रिकामा करावा. तशी सोय नसेल तर बॅरलमध्ये माल सोडणारा हॉपर बंद करून बॅरलवरचे आवरण काढावे आणि पंख्याने गार करावे. वीज परत आल्यावर सगळे हीटर एकदम १८० अंशांवर लावू नयेत. आधी नोझल आणि पुढचा भाग गरम करून वाट मोकळी करावी, मग मागचे हीटर चढवावेत, कारण पुढची वाट बंद असताना मागे वायू साठला तर तो माल गोळीसारखा बाहेर फेकतो. त्या वेळी नोझलसमोर कोणीही उभे राहू नये. काळा माल पूर्ण निघेपर्यंत पॉलिथिलिन किंवा ॲक्रिलिकच्या पर्जिंग मालाने बॅरल धुवावा.

आणखी एक गोष्ट यंत्रावरच लिहून चिकटवावी. ज्या बॅरलमध्ये पीव्हीसी चालते त्यात ॲसिटाल, ज्याला आपल्याकडे पीओएम किंवा डेलरिन म्हणतात, ते आधी किंवा नंतर थेट कधीही घालू नये. पीव्हीसीतून सुटलेले आम्ल ॲसिटालचे झपाट्याने विघटन करते, त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू इतक्या जोरात सुटतो की बॅरलमधला माल उसळून बाहेर येतो आणि माणसे भाजतात. दोन्ही माल एकाच यंत्रावर घ्यावे लागत असतील तर मध्ये पॉलिथिलिनने बॅरल पूर्ण साफ करावा, बाहेर येणाऱ्या मालात आधीच्या रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत थांबावे, आणि शक्य असेल तर स्क्रू बाहेर काढून डोळ्यांनी पाहावा.